पांढरी एक, सात, सहा, सहा



गेल्या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी एक पत्र मी चार वेळा वाचलं आणि चारही वेळा गठ्ठ्याच्या तळाशी सारलं. उत्तर सुचत नव्हतं, दुसरं काही नाही. पत्र लिहिणाऱ्या बाई कोण, कुठल्या, हे मी सांगणार नाही. त्यांनीच तशी विनंती केली आहे. वय बेचाळीस. लग्नाआधी गाण्याच्या दोन परीक्षा दिलेल्या, पण खरी हौस चाली लावण्याची. शाळेच्या संमेलनातली गाणी, मंगळागौरीची गाणी, कुणाच्या कविता, जे मिळेल त्याला चाल लावायच्या, आणि त्या चाली गावातल्या मुली पुढे वर्षानुवर्षं म्हणायच्या. मग लग्न झालं. "घरचे सगळे फार चांगले आहेत," असं त्या पत्रात दोनदा लिहितात. यजमान स्वतः तबला वाजवतात आणि अजूनही म्हणतात, "अगं, काहीतरी कर की!" माहेरून आणलेली पेटीही घरातच आहे, कपाटावर. आणि मग शेवटी प्रश्न: "मला कोणीच अडवलं नाही, तरी माझं थांबलं. म्हणजे मुळात माझ्यात काही नव्हतंच, असं समजायचं ना?"

आता बघा, सासूबाई पेटीला हात लावू देत नाहीत, किंवा नवऱ्याला गाण्याचा तिटकारा आहे, असं असतं तर उत्तर सोपं होतं. अशी उत्तरं आपण या पानावर पुष्कळ दिली आहेत. पण सगळे चांगले असताना जे थांबतं त्याला काय म्हणायचं?

तर हे पत्र डोक्यात घोळत असताना माझ्या भाचीने मला फोनवर एक ध्वनिमुद्रिका ऐकायला पाठवली. पाश्चात्त्य संगीतातलं मला फारसं कळत नाही, हे तिला ठाऊक आहे. तरी म्हणाली, "मावशी, ही ऐक. यात नवरा-बायको शेजारी शेजारी आहेत." मी ऐकली, आणि पुढचे आठ दिवस दुसरं काही ऐकलंच नाही.

वाजवणारी मुलगी इटलीची आहे, बेआत्रिचे राना. मुलगी म्हणते खरी, पण तिचा जन्म १९९३ चा. इटलीच्या नकाशात बुटाची टाच दिसते ना, तिथे पुलिया नावाचा प्रांत आहे, त्यातलं कोपेर्तिनो हे तिचं गाव. आई आणि वडील दोघंही पियानोवादक. २०११ साली मॉन्ट्रियलच्या स्पर्धेत ती पहिली आली, २०१३ साली अमेरिकेतल्या व्हॅन क्लायबर्न स्पर्धेत तिला रौप्यपदक मिळालं. २०१७ साली तिने बाखची 'गोल्डबर्ग व्हेरिएशन्स' ध्वनिमुद्रित केली आणि जाणकारांनी कान टवकारले. मी सांगते आहे ती तबकडी त्यानंतरची, २०२३ ची, वॉर्नर क्लासिक्सने काढलेली. साथीला चेंबर ऑर्केस्ट्रा ऑफ युरोप आणि संचालक यानिक नेझे-सेगाँ. तबकडीवर दोन मोठ्या रचना आहेत. एक क्लारा शूमानची, दुसरी तिचा नवरा रॉबर्ट शूमान याची. दोन्ही कॉन्चेर्टो, आणि दोन्ही एकाच पट्टीत, ए मायनरमध्ये.

कॉन्चेर्टो म्हणजे काय, तर एका बाजूला पंचवीस-पन्नास वादकांचा वाद्यवृंद आणि दुसऱ्या बाजूला एकटा वादक. जुगलबंदी म्हणावं तर तेवढी चुरस नसते, साथ म्हणावं तर साथीदार मध्येच गोष्ट स्वतःकडे घेतात. बहुधा तीन भाग असतात. आणि ए मायनर? घरात पेटी असेल तर हे चटकन कळेल. पांढरी सहाचा षड्ज धरा आणि काळ्या पट्ट्यांना हात न लावता नुसत्या पांढऱ्या पट्ट्यांवरून वर जा. आपल्या आसावरी थाटाचे सूर ऐकू येतील. हे अगदी ढोबळ सांगते आहे, राग वगैरे नाही हं तो. पण मन कुठे जाऊन बसतं ते समजायला एवढं पुरे.

आता क्लाराची हकिकत. तिचा जन्म १८१९ साली जर्मनीत लाइपझिगला झाला. वडील फ्रीडरिश व्हीक पियानो शिकवत आणि पियानोंचा व्यापार करत. आई गायिका होती, तीही पियानो वाजवायची. पण आई-वडिलांचं पटलं नाही, आणि क्लारा पाच वर्षांची असताना आईपासून दुरावून वडिलांच्या ताब्यात आली. चार वर्षं उलटून गेली तरी हे मूल बोलत नव्हतं. ऐकू येत नाही की काय, अशी शंका घरच्यांना यायची. ऐकू तर सगळंच येत होतं! वडिलांनी तिला अशी तयार केली की बाराव्या वर्षी तिने वायमारला म्हाताऱ्या गटेपुढे वाजवलं. वडील कडक, आणि कडक म्हणजे किती? मुलीची रोजनिशी, 'मी आज अमुक केलं' अशा भाषेत, ते स्वतःच लिहीत. पण एक गोष्ट त्यांच्या पदरात टाकायलाच हवी. मुलीने नुसतं वाजवू नये, स्वतः रचावंही, असा त्यांचा आग्रह होता.

म्हणून १८३३ च्या जानेवारीत, तेरा वर्षांची असताना, क्लाराने कॉन्चेर्टो लिहायला घेतला. आधी एकच भाग लिहिला, तो पुढे तिसरा झाला. त्याच्या वाद्यवृंदाची मांडणी तिला रॉबर्टने करून दिली. रॉबर्ट तिच्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठा, तिच्या वडिलांकडे शिकायला म्हणून त्यांच्याच घरी येऊन राहिलेला. बाकीचे दोन भाग तिने नंतर लिहिले, आणि ९ नोव्हेंबर १८३५ रोजी लाइपझिगच्या गेवांडहाउसमध्ये ती स्वतः पियानोवर बसली. वय सोळा. वाद्यवृंदापुढे संचालक म्हणून उभा कोण, तर मेंडेल्सन.

मी तबकडी लावली तेव्हा हे काही माहीत नव्हतं. एक मात्र जाणवलं, की हे कुणीतरी धिटाईने लिहिलंय. वाद्यवृंदाने सुरुवात केली की लगेच पियानो येतो तो दोन्ही हातांनी सप्तकं चढत येतो. 'मी आले आहे' म्हणून दार ढकलल्यासारखा. राना इथे मुळीच नाजूकपणा करत नाही, ते मला फार आवडलं. बाईने लिहिलेलं म्हणून बोटं अलगद ठेवायची, असला प्रकार नाही. पहिला भाग धड संपतसुद्धा नाही, तोच दुसरा सुरू होतो. आणि हा दुसरा भाग मात्र हातातलं काम बाजूला ठेवून ऐका. पट्टी बदलते. पांढरी सहावरून अर्ध्या सुराने उतरून काळी चार. सगळा वाद्यवृंद गप्प होतो. पियानो एकटाच बोलतो, मग एक चेलो, एकच, त्याच्या शेजारी येऊन बसतो. शेवटाकडे दूर कुठे नगाऱ्यासारखा आवाज घुमतो तेवढाच. पन्नास माणसं समोर बसलेली असताना त्यांना मिटल्या तोंडाने बसवून ठेवायचं आणि फक्त दोघांना बोलू द्यायचं, हे पंधरा-सोळा वर्षांच्या पोरीला सुचलं! तिसरा भाग नाचरा आहे, पोलोनेझच्या चालीचा, आणि लांबही. खरं सांगायचं तर मला तो जरा लांबलेलाच वाटला. सगळं मिळून वीस-बावीस मिनिटं.

ही रचना १८३७ साली छापली गेली. रॉबर्ट तेव्हा संगीताचं एक नियतकालिक चालवत असे. त्याच नियतकालिकात या रचनेवर लिहिणाऱ्या समीक्षकाने काय लिहावं? हे एका बाईचं काम असल्यामुळे इथे समीक्षेचा प्रश्नच येत नाही, अशा अर्थाचं! निंदा केली असती तरी बरं झालं असतं. निदान वाचलं, तोललं असं तरी झालं असतं.

वडिलांचा रॉबर्टला कडाडून विरोध. प्रकरण कोर्टात गेलं, आणि १२ सप्टेंबर १८४० रोजी, क्लाराला एकवीस पूर्ण व्हायला एक दिवस उरला असताना लग्न लागलं. रॉबर्टने लग्नाची भेट म्हणून तिला गाण्यांचा एक संग्रह दिला. त्यातलं पहिलं गाणं लिस्टने पुढे नुसत्या पियानोसाठी लिहून काढलं, तेही या तबकडीवर आहे. लिस्टचा थाटमाट जरा जास्तच. क्लाराला स्वतःला तो पुढे आवडेनासा झाला होता, आणि ऐकताना मला तिची बाजू पटली.

मग संसार. इथून पुढचं वाचताना मला सारखं ते पत्र आठवत होतं.

रॉबर्ट वाईट नवरा नव्हता, मैत्रिणींनो. तो तिला लिही म्हणायचा, तिच्या रचना छापून याव्यात म्हणून खटपट करायचा. दोघांनी मिळून एक रोजनिशी ठेवली होती, आळीपाळीने लिहायची. त्यातच त्याने एकदा नोंद केली आहे की मुलंबाळं आणि सतत कल्पनेत राहणारा नवरा, यांत हिचं रचनेचं काम नेमाने होत नाही, हिच्या किती चांगल्या कल्पना वाया जात असतील याचं मला वाईट वाटतं. पण आपलं मुख्य काम आईचं, हे तिचं तिलाही माहीत आहे. वाईट वाटतं, आणि पण! हा 'पण' तुमच्या-माझ्या ओळखीचा आहे की नाही? अडचण सगळी भिंतींची होती. भिंती पातळ, घरात पियानोचा आवाज सगळीकडे जायचा. रॉबर्ट लिहायला बसला की क्लाराने वाजवायचं नाही. तो बराच वेळ लिहायचा. १८४१ ते १८५४ या काळात आठ बाळंतपणं, त्यातला एक मुलगा तान्हेपणीच गेला. शिवाय घरात पैसा आणायला दौरे, तेही तिचेच. १८४४ साली तर थेट रशियापर्यंत.

आणि तिचं स्वतःचं मन काय म्हणत होतं? लग्नाच्या आदल्या वर्षी, विसाव्या वर्षी, तिने रोजनिशीत लिहून ठेवलं आहे की आपल्यात काही रचण्याची शक्ती आहे असं पूर्वी वाटायचं, आता तो विचार सोडला. बाईने रचना करायची इच्छा धरू नये, आजवर कुणाला ते जमलं नाही, मग मलाच कसं जमेल? 'मुळात माझ्यात काही नव्हतंच', हेच ना ते? फक्त जर्मनमध्ये.

आता रॉबर्टचा कॉन्चेर्टो. तोही एका झटक्यात झालेला नाही. १८४१ साली त्याने एकच भाग लिहिला. गेवांडहाउसच्या तालमीत तो वाजवून पाहिला क्लाराने, पहिल्या बाळंतपणाला जेमतेम तीन आठवडे राहिले असताना. प्रकाशकांनी तो घेतला नाही. १८४५ साली त्याने आणखी दोन भाग जोडले, आणि त्या वर्षी ४ डिसेंबरला ड्रेस्डेनला तो पहिल्यांदा लोकांसमोर वाजला. पियानोवर अर्थात क्लाराच. रॉबर्टचं उजव्या हाताचं बोट तरुणपणीच कामातून गेलं होतं, त्यामुळे त्याचे हात म्हणजे तीच.

याची सुरुवात ऐकाच. वाद्यवृंदाचा एक ठोका, पियानो जिना धडधडत उतरल्यासारखा खाली येतो, आणि मग एकदम शांत. सनईच्या जातीचं एक वाद्य आहे, ओबो, ते एक सुरावट म्हणतं, आणि पियानो ती परत म्हणतो. अख्खा पहिला भाग त्या एका सुरावटीवर उभा आहे. त्या सुरावटीचे पहिले चार सूर पेटीवर वाजवून बघा. मधल्या सप्तकातली पांढरी एक दाबा, मग तिच्या डावीकडची सात, मग सहा, पुन्हा सहा. पांढरी सहाचा षड्ज धरला तर कोमल गंधार, रिषभ, षड्ज, षड्ज. जर्मन लोक या सुरांना सी, एच, ए, ए म्हणतात. रॉबर्ट लाडाने क्लाराला इटालियन ढंगाचं 'कियारा' म्हणायचा, आणि त्या नावाच्या अक्षरांतून सुरांची तेवढीच अक्षरं वेचली तर हेच चार सूर हाती येतात, असं जाणकार सांगतात. म्हणजे बायकोचं नाव घेतलंय बघा उखाण्यासारखं, आणि तेही तिच्याच बोटांनी वाजवून घेतलंय.

दुसरा भाग घरगुती गप्पांसारखा, त्यात सगळे चेलो मिळून एक लांब सुरावट गातात. तिसरा भाग ऐकताना मांडीवर ताल धरायला जाल तर हमखास फसाल. तीनचं वजन मध्येच दोनासारखं वाटायला लागतं. सगळं मिळून अर्धा तास, पण एक क्षण रिकामा नाही. राना क्लाराच्या रचनेत जशी दार ढकलून येते तशी इथे येत नाही. इथे ती ऐकत ऐकत वाजवते. ओबोने म्हटलेलं तिने परत म्हणताना तर असं वाटतं की आपल्याला कुणीतरी नावाने हाक मारली आहे आणि आपण 'ओ' देतो आहोत.

दोन्हींत थोर कोणतं? भाचीने हाच प्रश्न विचारला. मी म्हटलं, रॉबर्टचं. लपवायचं कशाला? क्लारावर दया म्हणून तिला बरोबरीला बसवणं म्हणजे त्या समीक्षकाचंच दुसरं टोक. पण ही तबकडी दोघांना शेजारी ठेवते म्हणून दुसरा हिशोब सुचतो, तो एकेकट्याने ऐकताना सुचत नाही. रॉबर्टने आपला कॉन्चेर्टो पुरा केला तेव्हा तो पस्तीस वर्षांचा होता. क्लाराचा तेरा ते सोळा या वयातला. तुलना करायची तर तिच्या पस्तिशीतल्या कॉन्चेर्टोशी करायला हवी. तो कुठे आहे? तिच्या पस्तिशीत नवरा वेड्यांच्या इस्पितळात होता. १८५४ च्या फेब्रुवारीत त्याने ऱ्हाइन नदीत उडी घेतली, लोकांनी वाचवला, बॉनजवळ एंडेनिखला ठेवला. पदरात सात मुलं, सगळ्यात धाकटा त्यानंतर जन्मलेला. तिने पुन्हा दौरे सुरू केले. १८५६ च्या जुलैत रॉबर्ट गेला. पुढे पस्तीसेक वर्षं ती लोकांसमोर वाजवत राहिली, रॉबर्टचा कॉन्चेर्टो गावोगाव तिनेच नेला, त्याचं समग्र संगीत तिनेच संपादित करून छापलं. १८७८ पासून फ्रांकफुर्टला शिकवलं. १८९६ साली ती वारली. स्वतःची रचना मात्र १८५६ नंतर जवळजवळ नाहीच.

पण मधल्या एका वर्षाबद्दल सांगायचं राहिलं, आणि या पत्राचं उत्तर माझ्या मते तिथेच आहे. १८५२ साली शूमान मंडळींनी ड्युसेलडॉर्फमध्ये घर बदललं. या घरात वरच्या मजल्यावर क्लाराला पियानोसाठी स्वतःची खोली मिळाली, रॉबर्टला आवाज जाणार नाही अशी. तेव्हा घरात सहा मुलं होती. कितीतरी वर्षं तिने जवळजवळ काही लिहिलं नव्हतं. आणि १८५३ च्या उन्हाळ्यात काय झालं असेल? पियानोसाठी एक मोठी रचना, पुन्हा पियानोचेच तीन तुकडे, व्हायोलिन-पियानोचे तीन, आणि वर गाण्यांचा एक संच. चार पुस्तकं, एका उन्हाळ्यात! मुलं तीच, नवरा तोच, बाईही तीच. खोली तेवढी नवी.

तेव्हा पत्र लिहिणाऱ्या ताई, 'माझ्यात काही नव्हतंच' हा निकाल तुम्ही लावू नका. तुमचा खटला अजून चाललेलाच नाही. यजमान 'काहीतरी कर' म्हणतात ना? मग त्यांना सांगा, म्हणण्याऐवजी रोज संध्याकाळी सात ते आठ मागची खोली मला द्या, आणि त्या तासात चहा, किल्ल्या, मुलांचे डबे, यातलं काहीही विचारायला दाराशी यायचं नाही. तबला वाजवणाऱ्या माणसाला एक तास म्हणजे किती, ते नीट कळत असेल. चाल सुचेलच असं नाही. नाही सुचली तरी दार लावून बसायचं.

आणि कपाटावरची पेटी उतरवाल तेव्हा एवढं सांभाळा. इतक्या वर्षांनी उघडताच भाता जोराने ओढू नका, घड्यांवरचं कातडं वाळून कडक झालेलं असतं, चिरतं. ओलं फडकं मुळीच लावायचं नाही. कोरड्या मऊ कापडाने वरची धूळ टिपा आणि दोन दिवस सावलीत, वाऱ्यावर उघडी ठेवा. उन्हात ठेवलीत तर लाकडाचे सांधे सुटतील. आतल्या बनातीला कसर लागली आहे का ते बघून घ्या. एखादी पट्टी दाबल्यावर वर येत नसेल किंवा सूर सतत वाजत राहत असेल तर घरी स्क्रूड्रायव्हर चालवू नका, दुरुस्तीवाल्याकडेच न्या. आधीच्या चालींपैकी आठवतील त्या सरगम करून वहीत उतरवा, आणि त्यातली एक मला पाठवा. माझी पेटी मी कालच खाली काढली आहे. सात थोडी बेसूर झालीय, पण एक आणि सहा छान वाजतात.